विमान थकते, रडार जुने होते

गंगाखेडला गोदावरीच्या काठी वीस मीटर उंचीचा मनोरा उभारून त्यावर चांगल्यातले चांगले रडार बसवले, असे समजू. जमिनीपासून अवघ्या साठ मीटरवरून घुसणारे लढाऊ विमान या रडारला किती अंतरावरून दिसेल? फार तर पन्नास किलोमीटर. परभणीवर किंवा परळीवर आलेले विमान पडद्यावर उमटेल. नांदेडवर किंवा लातूरवर असलेले उमटणार नाही. रडारची ताकद दुप्पट केली तरी यात फरक पडत नाही. पृथ्वी गोल आहे, रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि खालून उडणारे विमान क्षितिजाच्या आड राहते. दक्षिणेकडे बालाघाटाच्या डोंगररांगा असल्याने त्या बाजूला तर हे अंतर आणखी कमी भरेल. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान पन्नास किलोमीटर अंतर तीन मिनिटे वीस सेकंदांत कापते. तेवढ्यात ते आपले की परके हे ओळखायचे, वर कळवायचे, आपली विमाने उडवायची आणि त्याला गाठायचे!

आता तेच रडार विमानात घालून गंगाखेडच्या आकाशात नऊ किलोमीटर उंचीवर नेऊ. क्षितिज एकदम चारशे किलोमीटरपर्यंत मागे सरकते. पुणे, नागपूर आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे एकाच वेळी टप्प्यात येतात आणि सव्वातीन मिनिटांच्या जागी पंचवीस मिनिटे हाताशी मिळतात.

या भूमितीपोटी एक वेगळ्याच जातीचे विमान जन्माला आले. पाठीवर मोठा घुमट किंवा लांबट फळी, पोटात रडारचे पडदे आणि त्यांच्यासमोर बसलेले अधिकारी. हवाई पूर्वसूचना विमान हे त्याचे कागदोपत्री नाव. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र ‘अवॅक्स’ हाच शब्द रुळला. हे विमान क्षेपणास्त्र डागत नाही की बॉम्ब टाकत नाही. आठ-दहा तास ते एकाच पट्ट्यात घिरट्या घालते, शत्रूची विमाने शोधते आणि कोणत्या लढाऊ विमानाने कुठे जायचे हे सांगते. जगातल्या थोड्याच देशांकडे अशी विमाने आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांपुढे सध्या एकच प्रश्न उभा आहे: ही म्हातारी विमाने बदलायची कधी आणि कशाने?

एका विमानाची दोन वये

वरून खाली पाहणाऱ्या रडारची मुख्य अडचण जमीन हीच असते. डोंगर, इमारती, लाटा, सगळ्यांवरून लहरी परत येतात आणि त्या गर्दीत विमान हरवते. त्यावर उपाय म्हणजे हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा बारीक फरक टिपणे. संगणक स्थिर जमिनीचे प्रतिध्वनी गाळून टाकतो आणि वेगाने सरकणारे तेवढे ठेवतो. हे काम जमू लागल्यावरच अमेरिकेचे प्रसिद्ध ई-३ सेंट्री विमान शक्य झाले. ते १९७७ मध्ये सेवेत आले. त्याच्या पाठीवरचा नऊ मीटर व्यासाचा घुमट दर दहा सेकंदांनी एक फेरा पूर्ण करतो.

हे रडार ज्या विमानावर चढवले ते बोइंग ७०७. एअर इंडियाने १९६० मध्ये घेतलेले पहिले जेट विमान याच जातीचे. डॉ. होमी भाभांचा १९६६ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर ज्यात अंत झाला तेही बोइंग ७०७च. प्रवासी वाहतुकीतून ही जात केव्हाच बाद झाली. तिचे लष्करी भावंड मात्र उडतच राहिले. ७०७ चे उत्पादन १९९१ मध्ये कायमचे थांबले. त्यामुळे त्यानंतर अवॅक्स हवे झालेल्या जपानला तेच रडार बोइंग ७६७ वर बसवून घ्यावे लागले.

विमान म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते? प्रत्येक उड्डाणात केबिनमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो आणि उतरताना कमी होतो. त्या ताणाने धातूला हळूहळू बारीक भेगा पडतात. म्हणून विमानाचे वय वर्षांइतकेच उड्डाणांच्या संख्येवर मोजतात. अवॅक्स कमी वेळा उतरते, तासन्‌तास सरळ उडते. या हिशेबात ते प्रवासी विमानापेक्षा सुखी. पण गंज, वायरींवरचे ठिसूळ होणारे आवरण आणि इंधनाच्या टाक्यांतली गळती यांना उड्डाणांचा हिशेब कळत नाही. त्याहून मोठे दुखणे सुट्या भागांचे. कारखाना बंद पडला की भाग बनवणारे छोटे पुरवठादारही दुसऱ्या कामाला लागतात. मग एका विमानातले भाग काढून दुसऱ्याला लावायचे, असा संसार सुरू होतो. अमेरिकेच्या ई-३ ताफ्यातली निम्म्याहून थोडीच जास्त विमाने अलीकडच्या वर्षांत एका वेळी कामाच्या स्थितीत असत. १६ विमानांचा ताफा धडपणे चालावा म्हणून तिथल्या हवाई दलाने २०२३ पासून बाकीची बाद करायला घेतली.

दुसरे वय रडारचे. फिरत्या घुमटाचे रडार एखाद्या लक्ष्याकडे दहा सेकंदांतून एकदाच पाहते. नव्या पद्धतीच्या रडारमध्ये शेकडो छोटे प्रक्षेपक-ग्राहक असतात. त्यांची लहर यंत्र न फिरवता, विजेच्या गतीने हवी तिकडे वळते. एखाद्या संशयित क्षेपणास्त्रावर ते क्षणोक्षणी नजर ठेवू शकते. रडारला दिसू नये अशी रचना केलेली विमाने आणि छोटे ड्रोन यांच्यासमोर जुने रडार अपुरे पडते. विमान ठणठणीत असूनही त्याचा डोळा अधू झालेला असू शकतो, आणि याच्या उलटही घडते. बदलीचा निर्णय अवघड होतो तो या दोन वयांमुळे.

मधला रिकामा काळ

या विमानांवाचून काय होते, याचा धडा ब्रिटनने १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात घेतला. त्यांच्या आरमारापाशी उंचावरून पाहणारे रडारच नव्हते. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाची विमाने समुद्राला लगटून आली आणि त्यांनी सोडलेल्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने ‘शेफील्ड’ ही विनाशिका पेटवली. त्या मोहिमेचे मुख्य जहाज होते ‘हर्मिस’. हेच जहाज पुढे भारताने विकत घेतले. १९८७ ते २०१७ या काळात ‘आयएनएस विराट’ म्हणून ते मुंबईकरांच्या ओळखीचे झाले. शेफील्ड बुडाल्यावर ब्रिटनने काही आठवड्यांत सी किंग हेलिकॉप्टरला फुगवता येणाऱ्या घुमटातले रडार लावले, पण तोवर युद्ध संपले होते.

एवढे पोळूनही ब्रिटनचा हात पुन्हा भाजला. निमरॉड विमानावर स्वतःचे रडार बसवण्याचा कार्यक्रम सुमारे एक अब्ज पौंड खर्चून १९८६ मध्ये गुंडाळला गेला आणि अमेरिकी ई-३ घ्यावी लागली. ती विमाने २०२१ मध्ये निवृत्त केली तेव्हा त्यांच्या जागी येणारे बोइंगचे ई-७ वेजटेल तयार नव्हते. खर्च वाचवण्यासाठी पाचऐवजी तीनच विमाने घ्यायचे ठरले; रडारचे संच मात्र पाचांचे आधीच घेऊन झाले होते. २०२५ पर्यंत एकही नवे विमान ब्रिटनच्या सेवेत दाखल झालेले नव्हते.

अमेरिकेने २०२२ मध्ये ई-३ च्या जागी हेच ई-७ निवडले. ऑस्ट्रेलिया अशी सहा विमाने आधीपासून वापरत असल्याने निर्णय सोपा वाटला होता. पण २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने हा कार्यक्रम थांबवायचा मनोदय जाहीर केला. एका विमानाची किंमत ५८.८ कोटी डॉलरवरून ७२.४ कोटी डॉलरवर गेली होती आणि आजच्या युद्धात असे मोठे विमान टिकेल का, अशी शंका त्यांनी घेतली. आता हे काम उपग्रहांकडे सोपवायचे आणि तोवर नौदलाच्या छोट्या ई-२डी हॉकआय विमानांवर भागवायचे, असा विचार पुढे आला. अमेरिकी काँग्रेसला तो सहज पटला नाही. दरम्यान युरोपात स्वीडनच्या साब कंपनीच्या ‘ग्लोबलआय’चे दिवस आले; फ्रान्सने आपल्या जुन्या ई-३ च्या जागी तेच पसंत केले.

हे विमान टिकेल का, ही शंका पोकळ नाही. १४ जानेवारी २०२४ रोजी रशियाचे ए-५० हे अवॅक्स विमान अझोवच्या समुद्रावर पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले आणि २३ फेब्रुवारीला दुसरे. रशियाकडे अशी विमाने मुळातच थोडी. नवी बनवण्याची गती मंद असल्याने प्रत्येक विमानाची उणीव वर्षानुवर्षे राहते. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आल्यापासून अवॅक्सला आघाडीपासून आणखी मागे उभे राहावे लागते. मागे राहायचे म्हणजे रडारचा पल्ला वाढवायचा आणि ते पुन्हा जुन्या यंत्राला झेपत नाही.

ऐरावत ते नेत्रा

भारताची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे जुनी विमाने बदलण्याची वेळ यायच्या आधी पुरेशी विमाने कधी आलीच नाहीत.

स्वदेशी प्रयत्नाला १९८५ मध्ये सुरुवात झाली. पुढे बंगळुरूला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची ‘कॅब्स’ ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि प्रकल्पाला ‘ऐरावत’ हे नाव मिळाले. हवाई दलाच्या मालवाहू अॅव्रो विमानावर मोठा घुमट बसवून चाचण्या सुरू झाल्या. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ हा घुमट विमानापासून निखळला, विमान कोसळले आणि आतले आठही जण ठार झाले. त्यांत शास्त्रज्ञ होते, हवाई दलाचे अधिकारी होते. एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस यांनी हवाई दलाची सूत्रे घेऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. काही महिन्यांतच कारगिलचे युद्ध सुरू झाले आणि ते आपल्याला अवॅक्सविनाच लढावे लागले. प्रकल्प तर बंद पडलाच. हाताशी आलेली माणसे आणि त्यांचा अनुभवही त्या दिवशी गेला.

२००४ मध्ये भारताने दोन वाटा एकदम धरल्या. एक विकत घेण्याची. इस्रायलचे ‘फाल्कन’ रडार रशियाच्या आयएल-७६ विमानावर बसवून तीन विमाने घ्यायचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा त्रिपक्षीय करार झाला. हेच रडार इस्रायल आधी चीनला विकणार होता. २००० मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे तो व्यवहार मोडला. चीनने मग स्वतःची विमाने बनवली आणि आज त्याचा ताफा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. भारताचे पहिले फाल्कन २५ मे २००९ रोजी जामनगरला उतरले. त्यानंतर आठवड्याभरातच नागपूरचे प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख झाले आणि उरलेली विमाने याच काळात येत गेली. फाल्कनचा घुमट फिरत नाही. त्याच्या आत त्रिकोणात बसवलेल्या तीन रडार-फळ्या चारी दिशा सांभाळतात. ही विमाने आग्रा तळावर असतात.

दुसरी वाट बनवण्याची. त्याच वर्षी डीआरडीओला स्वदेशी विमानासाठी मंजुरी मिळाली. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची तीन छोटी जेट विमाने घेऊन त्यांच्या पाठीवर आडवी रडार-फळी बसवली. हेच ‘नेत्रा’. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळुरूच्या एअरो इंडिया प्रदर्शनात संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पहिले नेत्रा हवाई दलाकडे सोपवले. फळीमुळे नेत्राला दोन्ही बाजू मिळून २४० अंशांचे दिसते; नाकासमोर आणि शेपटीमागे ते आंधळे असते. विमान लहान असल्याने ते इंधन न भरता पाचएक तासच हवेत राहू शकते. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईत त्याने काम केले.

हिशेब मांडला तर विकत घेतलेले विमान पाच वर्षांत आले, बनवलेले तेरा वर्षांत. यातून लगेच विकत घेणेच बरे, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. आणखी दोन फाल्कन घेण्याचा प्रस्ताव त्यानंतर वारंवार पुढे आला, पण किमतीच्या आणि अटींच्या घोळात करार झालाच नाही. नेत्रा बनवणारी माणसे आणि प्रयोगशाळा मात्र देशातच आहेत. पुढची सुधारित आवृत्ती कुणाच्या परवानगीवर अडत नाही.

फाल्कन ज्यावर बसले आहे, त्या आयएल-७६ चे दुखणेही ठरलेले आहे. हवाई दल या जातीची मालवाहू विमाने १९८५ पासून ‘गजराज’ नावाने वापरते. याच सांगाड्यावरच्या आयएल-७८ या हवेत इंधन भरणाऱ्या विमानांबद्दल ‘कॅग’ने २०१७ मध्ये लिहिले की त्यांपैकी सरासरी निम्मीच कामाच्या स्थितीत असतात. सुटे भाग हे त्यामागचे जुने कारण. २०२२ नंतर युक्रेन युद्धाने त्यात भर घातली. रडार इस्रायलचे, सांगाडा रशियाचा, वापर भारताचा. एका विमानासाठी तीन देशांचे पुरवठे जुळून यावे लागतात. हवाई दलाची देखभाल आणि दुरुस्ती पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे. ओझरला लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती होते ती याच कमांडच्या आगारात. जुनी परदेशी विमाने उडती ठेवण्याचा भार किती, हे महाराष्ट्रातल्या या दोन गावांना वेगळे सांगावे लागत नाही.

गोव्याच्या हेलिकॉप्टरांची मर्यादा

नौदलाची अडचण आणखी निराळी. आपल्या विमानवाहू जहाजांवर विमान फेकणारे यंत्र नाही. धावपट्टीच्या टोकाला दिलेल्या चढावरून विमाने झेपावतात. जड आणि पंख्याच्या इंजिनांच्या हॉकआयसारख्या विमानाला तिथून उडणे कठीण. म्हणून नौदलाने रशियाची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरे घेतली. त्यांची तुकडी २००३ मध्ये गोव्यात दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर उभी राहिली. या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली जवळपास सहा मीटर लांबीची अँटेना घडी घालून ठेवलेली असते. हवेत गेल्यावर ती खाली उलगडते आणि चाके वर घेतली जातात, म्हणजे फिरताना तिला आडकाठी होत नाही.

कल्पना चतुर आहे, पण हेलिकॉप्टर जेटइतके उंच जात नाही आणि दोन-अडीच तासांच्या वर आकाशात राहत नाही. तीन किलोमीटर उंचीवरून क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असते, नऊ किलोमीटरवरून चारशेच्या घरात. आणखी दहा कामोव्ह घेण्याची बोलणी सुरू होती. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तीही थांबली. विक्रांत आणि विक्रमादित्य ही दोन मोठी जहाजे पाहता, दाबोळीच्या हेलिकॉप्टरांची जागा कोण घेणार याचे उत्तर नौदलाला लवकर शोधावे लागेल.

प्रवासी विमानांचा दुसरा जन्म

हवाई दलाने मात्र वेगळे उत्तर शोधले आहे. संरक्षणमंत्री असताना पर्रीकरांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने मार्च २०१५ मध्ये मोठ्या एअरबस ए-३३० विमानांवर स्वदेशी रडार बसवण्यासाठी ५,११३ कोटी रुपयांचा प्रस्ताव मान्य केला होता. विमानाची किंमत आणि वेळ पाहता तो पुढे सरकला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने दुसरा मार्ग पत्करला: एअर इंडियाची वापरलेली सहा ए-३२१ विमाने घ्यायची आणि त्यांवर नेत्राची पुढची पिढी चढवायची. खर्चाचा अंदाज सुमारे ११ हजार कोटी रुपये. त्याच महिन्यात, ऐरावतचा घुमट ज्यावर बसवला होता त्या अॅव्रो जातीची जागा घेण्यासाठी सी-२९५ विमानांचा करारही झाला. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी हवाई दलाची सूत्रे घेतली ती विवेक राम चौधरी यांनी. ते मूळचे गंगाखेडच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील, हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे.

सैन्यासाठी वापरलेली विमाने म्हटल्यावर अनेकांच्या भुवया उंचावल्या. पण एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवलेली गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवहारातला शहाणपणा कळेल. इंडियन एअरलाइन्सने २००६ मध्ये एअरबसची ४३ विमाने मागवली. त्यांत ए-३२१ वीस होती. ही जात जगभर हजारोंनी उडते. तिची सीएफएम-५६ इंजिने, चाके, पंप, वायरी यांचा बाजार मोठा आहे. ती दुरुस्त करणारे अभियंते मुंबई-नागपुरात मिळतात. आयएल-७६ किंवा बोइंग ७०७ च्या वाट्याला आलेली सुट्या भागांची उपासमार या सांगाड्याच्या वाट्याला लवकर येणार नाही. दिवसाला चार-पाच खेपा करणारे विमान अवॅक्स झाल्यावर उतरेलही कमी वेळा.

अडचणी नाहीत असे नाही. प्रवासी विमानाच्या पाठीवर टनावारी वजनाची फळी आली की हवेचा प्रवाह बदलतो, शेपटीवर वेगळे झोत येतात, सांगाडा जागोजागी मजबूत करावा लागतो. रडारला लागणारी वीज आणि त्यातून निघणारी उष्णता यांची सोय करावी लागते. ऐरावतच्या अपघातानंतर भारतीय अभियंत्यांना या कामाची जोखीम सांगायला नको. नव्या विमानात नाकातही अँटेना येणार असल्याने नेत्राची समोरची आंधळी बाजू बरीच भरून निघेल. शिवाय एम्ब्रेअरवरची सुधारित नेत्रा आणखी सहा बनवण्याचीही योजना आहे.

ड्रोन आणि उपग्रह पुरतील का?

हे काम ड्रोन किंवा उपग्रहाने का करू नये, असा प्रश्न आता कुणीही विचारतो. उपग्रह खालच्या कक्षेत असेल तर एका ठिकाणावरून काही मिनिटांत निघून जातो, म्हणून शेकडो हवेत. वरच्या कक्षेत असेल तर लढाऊ विमानाइतकी छोटी वस्तू पकडण्याएवढी रडारची ताकद तिथे नेणे अवघड. ड्रोन स्वस्त पडतो, पण मोठ्या रडारला लागणारी वीज त्याच्याकडे नसते. आणि पडद्यावरचे ठिपके पाहून शंभर गोष्टींतून एक निवडणारे, गोंधळात आपल्या वैमानिकाला शांतपणे दिशा देणारे अधिकारी आज तरी अवॅक्समध्येच बसतात. पुढच्या वीस वर्षांत या तिन्हींची मिळून व्यवस्था होईल. एकानेच सगळे भागेल, असा दावा करणाऱ्या अमेरिकेलाही अजून ते सिद्ध करता आलेले नाही.

मे २०२५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या ‘ऑपरेशन सिंदूर’ने या विमानांचे महत्त्व आणि त्यांना असलेला धोका या दोन्ही गोष्टी पुढे आणल्या. त्या वर्षी ९ ऑगस्टला बंगळुरूत एअर चीफ मार्शल लक्ष्मण माधव कात्रे स्मृतिव्याख्यान देताना हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी सांगितले की पाकिस्तानचे एक मोठे विमान, टेहळणीचे किंवा पूर्वसूचनेचे, एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेने सुमारे तीनशे किलोमीटरवरून पाडले. पाकिस्तानने हे नाकारले. कात्रे हे १९८४-८५ मध्ये हवाई दलप्रमुख होते. भारताच्या पहिल्या पूर्वसूचना विमानाचे काम सुरू झाले तेही १९८५ मध्येच. तेव्हापासून चाळीस वर्षांत आपल्या हाती मोठी तीन आणि छोटी तीन अशी विमाने आली. आपल्या दोन सीमा लक्षात घेतल्या तर हा आकडा फारच अपुरा आहे. पाकिस्तानकडेही यापेक्षा जास्त आहेत.

ए-३२१ ची सहा विमाने आली तरी ती भर म्हणून धरायला हवीत, बदली म्हणून नव्हे. फाल्कनच्या आयएल-७६ सांगाड्यांची जागा कोण घेणार, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची फाइल वेगळीच उघडावी लागेल. २००९ मध्ये उतरलेले पहिले फाल्कन २०३९ मध्ये तीस वर्षांचे होईल. आपला आजवरचा वेग पाहता मंजुरीपासून ताफ्यात येईपर्यंत एका स्वदेशी विमानाला तेरा वर्षे लागली. म्हणजे फाल्कनच्या वारसदाराचा निर्णय २०२६ पर्यंत व्हायला हवा. ब्रिटनसारखा मधला रिकामा काळ आपल्या वाट्याला यायचा नसेल, तर सरकारला ही तारीख चुकवता येणार नाही.